ते वचन माझ्यासाठी होतं का?

आदरणीय बाई, सलाम.
मी नर्स आहे, पुण्यात नोकरी करते. मूळ गाव नगर जिल्ह्यात. 31 डिसेंबरच्या रात्री आमच्या मंडळीत उपासना झाली की ताटातून वर्षाच्या वचनाची चिठ्ठी उचलतात. मला यिर्मया 29:11 आलं, 'तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत' ते. त्याच सुमारास मी परदेशातल्या नोकरीसाठी अर्ज केला होता. मला वाटलं, देव बोलला. मी साक्ष दिली, सगळ्यांनी आमेन म्हटलं. भाषेची परीक्षा पास झाले, कर्ज काढून एजंटला पैसे भरले, आणि व्हिसा नाकारला गेला. आता पप्पा म्हणतात, "देव नव्हता बोलला, तुझं मन बोललं होतं." पाळकसाहेब म्हणतात, "विश्वास धर, दार उघडेल." मला तर आता बायबल उघडायचीच भीती वाटते. वाचताना जे मनात येतं ते देवाचं की माझं, हे ओळखायचं कसं?
— एक भगिनी, पुणे

प्रिय मुली, सलाम.

पप्पांचं बरोबर की पाळकसाहेबांचं, ते नंतर बघू. आधी ते वचन जिथून आलं तिथे जाऊ. तुझ्या चिठ्ठीवर छापलेलं वाक्य हे एका पत्रातलं, तेही मधलंच, वाक्य आहे. यिर्मया या संदेष्ट्याने हे पत्र यरुशलेमहून बाबेलला, म्हणजे बॅबिलोनला, पाठवलं. इ.स.पू. 597 मध्ये बाबेलच्या नबुखद्नेस्सराने यहूदाचा राजा, राजमाता, सरदार, कारागीर, लोहार असे निवडून निवडून लोक धरून नेले होते. पत्र त्यांना आहे, आणि अध्यायाच्या सुरुवातीलाच हे सगळं सांगितलेलं आहे. आता पाचव्या वचनापासून मोठ्याने वाच. घरं बांधा, त्यांत राहा. मळे लावा, त्यांचं फळ खा. लग्नं करा, मुलांचीही लग्नं लावा. ज्या नगरात तुम्हांला नेलं आहे त्याचं हित बघा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. मग दहावं वचन: बाबेलची सत्तर वर्षं भरली की मी तुम्हांला परत आणीन. आणि त्याला लागून अकरावं, म्हणजे तुझं.

सत्तर वर्षं! ते पत्र ऐकायला जी चाळिशीची माणसं बसली होती, त्यांनी मायदेश पुन्हा पाहायचाच नव्हता. हिताचे संकल्प होते खरे, पण ते पुरे होताना बघायचे होते नातवंडांनी. त्यामुळे पत्र पोचल्यावर सगळीकडे आनंदीआनंद झाला असं काही नाही. उलट शमाया नावाच्या एकाने बाबेलहून यरुशलेमच्या याजकाला लिहिलं, की हा यिर्मया आम्हांला 'अजून पुष्कळ काळ आहे, घरं बांधा' असं कळवतो आणि तुम्ही त्याला खोड्यात कसं घालत नाही? याच अध्यायाच्या शेवटी हे आहे, चोविसाव्या वचनापासून पुढे. जे वचन आपण कॅलेंडरवर आणि लग्नाच्या पत्रिकेवर सोनेरी अक्षरांत छापतो, ते पहिल्यांदा ज्यांच्यासमोर वाचलं गेलं त्यांच्यातल्या एकाला तरी ते वाचून संताप आला होता. मी जुना करार शिकवायचे तेव्हा मुलांना अकराव्या वचनावर वहीचा कागद ठेवून बाकीचा अध्याय आधी वाचायला लावायचे. कागद काढेपर्यंत ते वचन त्यांना वेगळंच दिसू लागलेलं असायचं.

आता एक अध्याय मागे ये. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला अठ्ठाविसाव्या अध्यायात दिसतं. यिर्मया मानेवर लाकडी जू घालून वावरत होता. बाबेलच्या सत्तेखाली मान द्या, हा त्याचा संदेश. तेव्हा हनन्या नावाचा गिबोनचा संदेष्टा मंदिरात सगळ्या लोकांसमोर म्हणाला, की दोन वर्षांच्या आत राजा परत येईल, मंदिराची पात्रं परत येतील, धरून नेलेले सगळे परत येतील. 'परमेश्वर असे म्हणतो' हे शब्दही त्याने वापरले. यावर यिर्मया काय म्हणाला? "आमेन, परमेश्वर तसे करो."

इथे जरा थांब. यिर्मयालाही तेच हवं होतं. ते त्याचंच शहर होतं आणि नेलेली माणसंही त्याचीच. मनातली इच्छा हनन्याची आणि यिर्मयाची एकच. हनन्याने आपल्या इच्छेलाच देवाचं वचन म्हटलं. यिर्मयाने इच्छा बोलून दाखवली, तिला आमेनही म्हटलं, पण तिला वचन म्हटलं नाही. हनन्याने त्याच्या मानेवरचं जू काढून मोडलं, तेव्हाही तो भांडत बसला नाही. निघून गेला. देवाचा पुढचा शब्द त्याच्याकडे आला तो त्यानंतर. मनाचं काय आणि देवाचं काय, हे ज्याला वेगळं ठेवता आलं असा माणूस मला पवित्र शास्त्रात यिर्मयाइतका स्पष्ट दुसरा दिसत नाही.

तुला परदेशी जायचं होतं, घराला हातभार लावायचा होता. त्यात पाप कसलं? 'आमेन, प्रभू तसं करो' असं म्हणायला तू तेव्हाही मोकळी होतीस, आजही आहेस. चिठ्ठी हातात आली आणि त्या इच्छेचं अभिवचन झालं. साक्ष दिल्यावर ते पक्कं झालं. आमेन म्हणणाऱ्या मंडळीचाही यात वाटा आहे. या वचनाच्या आधी काय लिहिलंय ते वाचलंस का, असं तुला त्या रात्री कोणीतरी विचारायला हवं होतं. तो सगळा भार एकटीच्या डोक्यावर घेऊ नकोस.

मग ते वचन तुझं नाहीच का? आहे, पण बाबेलमधल्या त्या लोकांच्या हातून तुझ्यापर्यंत आलेलं आहे. परक्या मुलखात अडकलेल्या आपल्या माणसांना देव विसरत नाही, त्याच्या वेळेचा हिशेब आपल्या वेळेपेक्षा लांबचा असतो, आणि तोवरचे दिवस नुसते मोजत काढायचे नसतात, त्यांतच घर बांधायचं असतं. एवढं निर्धास्तपणे घे. आता कोणी म्हणेल, सातव्या वचनात 'त्या नगराचं हित बघा' असं आहे, म्हणजे देव तुला पुण्यातच राहायला सांगतोय. ते ऐकू नकोस. आधी वचनात तुझी इच्छा घातली होती, आता त्याच जागी पप्पांची घालायची, एवढंच होईल. तुझ्या व्हिसाबद्दल यिर्मयाच्या पत्रात होकार नाही तसा नकारही नाही. नकाराचं लेखी कारण नीट वाच. एजंटने कोणती कागदपत्रं जोडली होती त्यांच्या प्रती माग. जी हे सगळं पार पाडून तिकडे रुजू झाली आहे अशा एखाद्या नर्सशी फोनवर बोल. हप्ता पगारात बसतो का ते पप्पांसोबत बसून मांड. प्रार्थना कर, आणि ठरव. असा विचारपूर्वक घेतलेला निर्णय देवाला सोडून घेतलेला नसतो.

आणि ओळखायचं कसं? मला एक खूण भरवशाची वाटत आली आहे. गेल्या वर्षा-दोन वर्षांत वचनाने तुला कधी अडवलं का? ज्याचं तोंड बघायचं नव्हतं त्याच्याशी बोलायला लावलं का? एखादं ठाम मत सोडायला लावलं का? जे वाचावं ते आपल्याच मनासारखं निघत असेल, तर तिथे बहुधा आपणच बोलत असतो. मत्तय 4 मध्ये सैतानदेखील स्तोत्र 91 म्हणून दाखवतो, की उडी टाक, देवदूत तुला झेलतील. प्रभू येशूने त्याला अनुवाद या पुस्तकातलं 6:16 ऐकवलं: परमेश्वराची परीक्षा पाहू नको. एकटं वचन हवं तसं वळवता येतं, म्हणून त्याच्या शेजारी दुसरं ठेवून बघायचं.

बायबल मिटून ठेवू नकोस. यिर्मया 26 पासून 29 पर्यंत रोज एकेक अध्याय सबंध वाच. वाचताना तुझा अर्ज बाजूला ठेव.

आदरणीय बाई, सलाम.
आमच्या वडिलांची रीत होती: अडचण आली की डोळे मिटून बायबल उघडायचं, बोट ठेवायचं, निघेल ते वचन घ्यायचं. मीही तसंच करतो. आमचे तरुण पाळक म्हणतात, हा शकुन बघण्याचाच प्रकार झाला. पण संत ऑगस्टीननेही हेच केलं होतं ना?
— एक वाचक, जालना

भाऊ, सलाम.

केलं होतं, खरं आहे. 386 साली मिलान शहरात एका बागेत तो रडत बसला होता. शेजारच्या घरातून लहान मुलाचा आवाज आला, 'घे आणि वाच'. त्याने पौलाची पत्रं उघडली, आणि नजर पडली ती रोमकरांस 13:13-14 वर: दंगल, नशा, कामासक्ती टाका, प्रभू येशू ख्रिस्ताला परिधान करा. आता बघा, त्याला मिळालं काय? ज्या गोष्टीपासून तो वर्षानुवर्षं पळत होता तीच समोर आली. घर घेऊ का, मुलीला हे स्थळ बरं का, असलं काही विचारायला त्याने पान उघडलंच नव्हतं.

पुढे हाच ऑगस्टीन उत्तर आफ्रिकेत हिप्पोचा बिशप झाला. शुभवर्तमानाची पानं उघडून कौल घेणाऱ्यांबद्दल त्याने एका पत्रात लिहिलं, की भुताखेतांना विचारायला जाण्यापेक्षा हे परवडलं, तरी देवाची वचनं संसाराच्या कामकाजासाठी अशी वापरलेली मला आवडत नाहीत. तुमच्या पाळकांचं म्हणणं त्याच्या जवळचंच आहे.

वडिलांचा देवावरचा भरवसा मोठा होता, तो जपा. बोट जिथे पडेल तो अध्याय पहिल्या वचनापासून शेवटपर्यंत वाचा. मात्र जमीन, ऑपरेशन, सोयरीक यांचा निर्णय बोटावर सोडू नका.

आदरणीय बाई, सलाम.
मी वस्तीतल्या बायकांचा बायबल अभ्यास घेते. परवा शोमरोनी स्त्रीचा पाठ होता. मी टिपणात होतं तसं सांगितलं, की ती बदनाम होती, म्हणून इतर बायकांना चुकवून भर दुपारी पाण्याला यायची. तेवढ्यात बायका आपापल्या घरच्या गोष्टी सांगू लागल्या आणि पाठ राहिला बाजूला. अशा वेळी स्वतःचं आयुष्य वचनात आणू द्यावं की थांबवावं?
— एक भगिनी, राहुरी

ताई, सलाम.

थांबवू नका. मात्र आधी तुमच्या टिपणाकडे बघू.

योहान 4:6 उघडा. प्रभू वाटेने दमला, विहिरीपाशी बसला, सुमारे सहावा तास होता, म्हणजे दुपारचे बारा. सातव्या वचनात बाई पाण्याला येते. ती त्याच वेळी का आली, हे योहानाने लिहिलेलं नाही. पुढची वचनं वाचा, तिथेही नाही. तरी आपण सगळ्यांनी व्यासपीठावरून इतक्यांदा ऐकलंय, की ते शास्त्रातच लिहिलंय असं वाटू लागतं.

आमच्या बुधवारच्या अभ्यासाला पाथर्डीकडच्या एक आजी येतात. अक्षरओळख बेताचीच, दुसऱ्या कोणी वाचलं की त्या डोळे मिटून ऐकतात. हाच पाठ चालला होता. कोणीतरी बदनामीचं बोललं, तशा त्या म्हणाल्या, "पाण्याला काय टाईम असतो व्हय बाई? टँकर आला की पळायचं. बारा वाजता आला तर बारा वाजता. मंग आमी समद्याच बदनाम का?"

मी पुस्तक खाली ठेवलं आणि म्हटलं, चला, आजींचा प्रश्न धरून पुन्हा वाचू. वाचत गेलो तशा गोष्टी दिसत गेल्या. तिला पाच नवरे झाले होते, हे प्रभू सांगतो. ते मेले की त्यांनी तिला सोडलं, हे सांगत नाही. त्या काळी सूटपत्र द्यायचं ते नवऱ्याने. आता ज्याच्यासोबत ती आहे तो तिचा नवरा नाही, हेही तो स्पष्ट म्हणतो, झाकत नाही. पण पुढच्याच अध्यायात बरं केलेल्या माणसाला 'आता पाप करू नको' असं तो बजावतो, तसं या बाईला बजावत नाही. तिच्याशी तो बोलतो ते उपासनेबद्दल, या डोंगरावर की यरुशलेमेत, असं, आणि लांबवर बोलतो. ती गावात जाते आणि एकोणचाळिसाव्या वचनाप्रमाणे तिच्या शब्दावरून पुष्कळ शोमरोनी विश्वास ठेवतात. जिला सगळं गाव टाळत होतं, तिच्या एका हाकेवर गाव लोटलं असतं का, हा प्रश्न दुसऱ्या एका बाईंनी काढला. आणि दुपारच्या वेळेचंच म्हणाल, तर तिसऱ्या अध्यायात निकदेम नावाचा यहुद्यांचा एक अधिकारी येतो रात्री आणि चौथ्यात ही भेटते दुपारी. योहानाने दोघांना असं शेजारी शेजारी ठेवलं आहे, तिकडे बघावं असं मला वाटतं.

हे सगळं आजींच्या टँकरमुळे दिसलं. म्हणून म्हणते, आयुष्य बाहेर ठेवू नका. पाठावर आपण परंपरेने चढवलेला थर त्यांच्या अनुभवाने निघाला. अनुभव प्रश्न घेऊन आला तर येऊ द्या. तोच उत्तर होऊन बसू लागला, म्हणजे 'माझ्या सासूने असं केलं, म्हणून या बाईलाही गावाने तसंच केलं असणार' असं सुरू झालं, की प्रेमाने एवढंच म्हणा: "हे कोणत्या वचनात आहे, बोट ठेवून दाखव." आमच्याकडे आता बायकाच एकमेकींना हे विचारतात.

पंडिता रमाबाईंना हाच अध्याय भेटला होता. त्या 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या. लंडनमध्ये फुलहॅमला आयुष्यात वाट चुकलेल्या स्त्रियांसाठी भगिनींनी (नन्सनी) चालवलेलं घर त्यांनी पाहिलं आणि विचारलं, तुम्ही या बायकांसाठी हे का करता? तिथल्या भगिनीने त्यांना शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. पुढे रमाबाईंनी स्वतःच्या साक्षीत लिहिलं, की भारतातल्या पायदळी गेलेल्या स्त्रीजातीला वर काढणारा ख्रिस्तच, हे त्यांना योहानाचा चौथा अध्याय वाचून कळलं. त्यांचा प्रश्न त्यांचा स्वतःचा होता, विधवांच्या हालअपेष्टा बघून आलेला. योहानाने तो अध्याय लिहिताना भारतातल्या विधवा डोळ्यांपुढे नव्हत्या. पण यहुदी ज्यांच्याशी संबंध ठेवत नसत त्या शोमरोन्यांतल्या एका बाईजवळ यहुदी पुरुषाने पाणी मागितलं, तिला तुच्छ लेखलं नाही, हे पानावर आहे, कोणीही बोट ठेवून दाखवावं असं. आणि रमाबाई त्या एका अनुभवावर थांबल्या नाहीत. उतारवयात केडगावला बसून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल साध्या बायामाणसांना कळेल अशा मराठीत आणलं. 1922 मध्ये त्या वारल्या तोवर ते काम त्यांच्या हातात होतं.

पुढच्या बैठकीला लूक 10:25 पासून घ्या. शास्त्री प्रश्न विचारतो तेव्हा प्रभू त्याला उलट दोन प्रश्न करतो: नियमशास्त्रात काय लिहिलं आहे, आणि तुझ्या वाचनात काय आलं आहे. बायकांना दोन्हींची उत्तरं वेगवेगळी सांगायला लावा. शास्त्र्याचं उत्तर बरोबर होतं, पण लगेच त्याला स्वतःला नीतिमान ठरवायचं होतं, म्हणून त्याने 'माझा शेजारी कोण?' असं विचारून वाट काढली. ती जागा सावकाश वाचा, बायका पुष्कळ बोलतील.

बाई, सलाम.
घरात काही बोलाचाली झाली की नवरा इफिसकरांस 5:22 वाचून दाखवतो. माझा पगारही त्याच्याच हातात द्यावा लागतो. वचनाच्या विरुद्ध कशी जाऊ?
— नाव, गाव छापू नये

ताई, तुम्ही वचनाच्या विरुद्ध जात नाही आहात.

बाविसावं वचन 'पत्नींनो, आपापल्या पतीच्या अधीन असा' असं आहे, म्हणजे ते पत्नींना लिहिलेलं आहे. पतींना लिहिलेलं पंचविसापासून आहे, ते जास्त लांब आहे आणि जास्त जड आहे: ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःला दिलं तशी प्रीती करा. पौलाने प्रत्येकाला त्याचं त्याचं सांगितलं. बायकोचा भाग नवऱ्याने वाचून दाखवून वसूल करावा, असं तो कुठेही म्हणत नाही. आणि या सगळ्याच्या आधी, एकविसाव्या वचनात, 'एकमेकांच्या अधीन असा' हे दोघांना मिळून आहे. रोमी जगात घरावर पुरुषाची सत्ता होतीच, ती शिकवायला प्रेषिताची गरज नव्हती. त्या काळच्या नवऱ्यांना नवीन होतं ते पंचविसावं वचन, आणि तुमच्या घरात नेमकं तेच वाचलं जात नाही. ज्या अर्थाने देवावरची आणि शेजाऱ्यावरची प्रीती वाढत नाही, तो अर्थ अजून लागलेलाच नाही, असं ऑगस्टीन म्हणतो. वर जालन्याच्या भाऊंना सांगितलेलाच हा ऑगस्टीन. तुमचे पती वाचतात ते शब्द खरे आहेत, अर्थ त्यांना लागलेला नाही.

पगाराचं शास्त्राशी काही घेणंदेणं नाही. 2005 च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात मारहाण येते तसा पैशांवरून केलेला छळही येतो. हात उगारला जात असेल, तर 181 या महिला हेल्पलाइनवर फोन करा. वचन काय म्हणतं याची चर्चा तोवर थांबू शकते. मंडळीतल्या ज्या बाईवर तुमचा पूर्ण भरवसा आहे तिला हे सगळं सांगा, आणि पाळकांकडे जाल तेव्हा तिला सोबत न्या.